यादीतलं तेविसावं नाव

भिकाबाईच्या तोंडावर ‘हे होत नसतं’ असं म्हणू नये. सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या अलीकडे असलेल्या फुलसिंग तांड्यावर हे लहान लेकरालाही ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना एकेकदा कळलं. तांड्याच्या फाट्यावर एसटी थांबत नव्हती, तेव्हा ही बाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन आठ दिवस ऐन गाडीच्या वेळेला रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. भांडण नाही, शिवी नाही. हॉर्न वाजला की वळून म्हणायची, गाडी हळू झालीच आहे तर दोन माणसं घेऊन टाका. नवव्या दिवशी ड्रायव्हरनं आपण होऊन ब्रेक दाबला, आणि तेव्हापासून तिथं गाडी थांबते.

दिसायला ती चारचौघींसारखीच. उंची बेताची, चेहरा उन्हानं भाजलेला, चाल मात्र अशी की सोबतच्यानं पळावं. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, बाजारात मराठी, हिंगोलीच्या आडतीवर गरज पडली तर मोडकीतोडकी हिंदी. तिन्हींत आवाज एकच, वरचा. अक्षराशी तिची कधी ओळख झाली नाही. पण कान असा तल्लख की दहा वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते शब्दाला शब्द लावून सांगायची. त्यामुळे बोललेलं फिरवायची सवय असलेले लोक तिच्या वाटेला सहसा जात नसत. तिचा नवरा देवला उंच, वाळका आणि अबोल. तो बोलायचा ते बहुतेक बैलांशीच. भिकाबाई म्हणायची, बैलांचं बरं आहे, त्यांना उत्तर तरी मिळतं.

तांड्यावरच्या बायकांचा बचत गट तिनंच उभा केला. २००१ साली घरोघर फिरून, कुणाला गोडीनं, कुणाला लाजवून, महिन्याला तीस रुपये टाकायला लावले. पहिल्या महिन्यात चार जणी होत्या, वर्षाच्या शेवटाला दहा झाल्या. रजिस्टर लिहायला शालूबाई होती. सातवी शिकलेली, तांड्यावरची पहिली लिहिती सून. रजिस्टरात पहिलं नाव भिकाबाई देवला आडे. त्या नावाचा तिला भारी अभिमान. अधूनमधून शालूबाईला रजिस्टर उघडायला लावून ती त्या ओळीवर बोट ठेवायची आणि ‘हेच ना?’ असं विचारायची. ठाऊक असायचं, तरी विचारायची.

गटाला कर्ज हवं होतं ते हळदीसाठी. आमच्या भागात माघ-फाल्गुनात हळद निघाली की ती शिजवायला मोठी कढई लागते आणि वाळल्यावर घासायला ड्रम लागतो. दोन्ही वस्तू ठरावीक बड्या लोकांकडे. तांड्यावरच्या बाया वर्षानुवर्षं त्यांच्या चुलाणापुढं धूर खात रोजानं राबायच्या, आणि कढईचं भाडं मालकाच्या खिशात जायचं. भिकाबाईनं डोक्यात घेतलं की कढई आपली, ड्रम आपला, मेहनत तर आपलीच आहे. गटानं तीन वर्षं एकही हप्ता चुकवला नव्हता, त्यामुळे बँकेचा मॅनेजर राजी होता. २००४ ची दिवाळी झाली आणि दहा जणी धुतलेल्या साड्या नेसून कागद करायला बँकेत गेल्या.

मॅनेजर लातूरकडचा, तरुण पोरगा. स्वभावानं चांगला, पण कागदाच्या बाहेर पाय न टाकणारा. त्यानं एकेक नाव घेतलं आणि पहिल्याच नावाला अडकला. नवऱ्याचं नाव काय, तांडा कुठला, असं दोनदा विचारून तो उठला आणि भिंतीकडं गेला. त्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी खळीनं चिकटवलेली होती. तेविसाव्या नंबरावर लिहिलं होतं: देवला नरसिंग आडे, फुलसिंग तांडा, बैल कर्ज, बाकी अकरा हजार चारशे ऐंशी.

त्याच भिंतीला लागून बाकडं होतं. तीन वर्षं गटाचे पैसे भरायला आली की भिकाबाई त्याच बाकड्यावर बसायची, आणि डोकं टेकायची ते नेमकं त्या यादीला. यंदाच्या कागदावरही तिच्या केसांच्या तेलाचा डाग पडला होता. आपल्या घराचं नाव आपल्याच डोक्यामागं लटकलंय हे तिला कोण सांगणार? वाचता येणारे लोक वाचून गेले, आणि बोलले मात्र कुणीच नाहीत.

मॅनेजरनं नियम सांगितला. ज्या घरात थकबाकी, त्या घरची बाई गटाच्या कर्जात चालत नाही. एक तर खातं साफ करा, नाही तर नाव काढा. बाकीच्या नऊ जणींचं काम होऊन जाईल.

आता हे बैलाचं कर्ज काय होतं ते सांगितलं पाहिजे. १९९२ साली, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हा, देवलाला सरकारी योजनेतून बँकेनं एक बैल घेऊन दिला. घरचा एक होता, त्याला जोड झाली. बैलाच्या कानात विम्याचा पितळी बिल्ला ठोकला होता. देवलानं दोन वर्षं हप्ते नीट भरले. ९४ च्या श्रावणात बैलाला सर्प डसला आणि पहाट व्हायच्या आत तो आडवा झाला.

त्या तांड्याची एक जुनी रीत होती. एकाचं जनावर दुसऱ्याकडे वाट्यानं असलं आणि ते मेलं, तर मालकाला बोलावून आणायचं. मालकानं डोळ्यांनी बघायचं, आणि मन भरलं तर खड्ड्यात दोन्ही हातांनी माती टाकायची. माती पडली की व्यवहार जनावरासोबत पुरला. मग कुणी कुणाकडं मागायचं नाही. मालकाला शंका असली तर तो हात मागं बांधून उभा राहायचा आणि मग पंच बसायचे. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरलेले; बैलाच्या बाबतीत त्यांचा कायदा असा स्वच्छ होता.

योगायोग बघा. नेमक्या त्याच सकाळी बँकेचा वसुलीचा साहेब राजदूत मोटारसायकलवर तांड्यावर आला. संतराम कऱ्हाळे त्याचं नाव. त्यानं मेलेला बैल पाहिला, हळहळला, आणि सांगितलं की बिल्ल्यासकट कान कापून माझ्याकडं द्या, म्हणजे विमा मागता येईल. देवलानं मान हलवली.

‘जित्यापणी याला कधी चाबूक न्हाई लावला साहेब,’ तो म्हणाला. ‘मेल्यावर सुरी लावू?’

साहेबानं फार ताणलं नाही. बैलाला लाल कापड घातलं, खड्ड्यात उतरवलं, आणि तांड्याच्या म्होरक्यानं, फुलसिंग नाईकानं, साहेबापुढं माती धरली. साहेब शहाणा माणूस, चार लोकांत मान राखावा म्हणून त्यानं बूट काढले आणि दोन्ही हातांनी माती टाकली. त्याच्या लेखी ती सहानुभूती होती. तांड्याच्या लेखी बँकेनं सगळ्यांदेखत हिशेब मिटवला होता. देवला त्या दिवसापासून निवांत झोपला, आणि बँकेच्या वहीत व्याजावर व्याज चढत राहिलं. नोटिसा आल्या असतील. आल्या तर त्या तांड्यावर कुणी वाचल्या नाहीत. नंतर आलेल्या साहेबांनी वसुलीची आशा सोडली आणि नाव यादीत ढकलून दिलं.

बँकेतून परत आल्यावर शालूबाईच्या अंगणात गट बसला. दोघीतिघी स्पष्टच बोलल्या की एकीपायी नऊ जणींचा हंगाम का बुडवायचा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भिकाबाईला लागलं ते दुसरंच. शालूबाई रजिस्टर मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती. होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जिच्या हाती रजिस्टर आपण दिलं, तिच्या तोंडून एक शब्द फुटू नये, हे भिकाबाईच्या काळजात रुतलं.

‘माझ्या नावावर काट नका मारू,’ ती उठत म्हणाली. ‘संक्रांतीच्या आत नाव साफ करून आणते. न्हाई झालं तर मारा.’

कार्तिक निम्मा झाला होता. संक्रांतीला दोन महिनेही उरले नव्हते.

घरी देवला ऐकायला तयार नव्हता. आपण कुणाचं देणं लागत नाही, साहेबानं माती टाकली, तांडा साक्षीला आहे, या तीन वाक्यांच्या पलीकडं तो गेला नाही. चौथं वाक्य त्यानं एवढंच काढलं की, पैसे भरशील तर मला खोटं ठरवशील. भिकाबाईला त्याचं म्हणणं पटत होतं आणि त्याचा रागही येत होता. खरं असून उपयोग काय, भिंतीवर तर खोटं चिकटलंय, आणि लोक भिंत वाचतात.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बँकेत गेली. मॅनेजरला वाटलं, बाई रडेल. त्यानं आधीच सोपा रस्ता काढून ठेवला होता. पाच हजार भरा, बाकी सोडून देतो, तडजोडीत खातं बंद. भिकाबाईनं विचारलं की मग नाव निघेल का. मॅनेजर खोटं बोलणारा नव्हता. या यादीतून निघेल, म्हणाला, पण तडजोडवाल्यांची वेगळी यादी असते, त्यात जाईल, आणि त्या यादीवाल्यांना नवं कर्ज देत नाहीत.

‘म्हंजे साडी धुवायची न्हाई, उलटी करून नेसायची,’ भिकाबाई म्हणाली. ‘ते नको.’

मग ती बाकड्यावर ठाण मांडून बसली आणि एकेक विचारत राहिली. बैलाचा विमा होता का? मॅनेजरनं जुनी फाईल झटकून काढली. होता, त्याचा हप्ता कर्जातूनच कापलेला दिसत होता. मग बैल मेला तेव्हा विमा कुठं गेला? मागितलाच नाही. का नाही मागितला? बैल मेल्याची बँकेला खबर नाही. इथं भिकाबाईचा आवाज चढला. खबर कशी नाही, तुमच्याच साहेबानं माती टाकली! मॅनेजरनं माती म्हणजे काय ते समजून घेतलं आणि म्हणाला की त्या साहेबांनी बैल मेलेला पाहिला एवढं जरी लिहून दिलं, तर गोष्ट वेगळी होते. मग चूक बँकेचीही ठरते. मी वर लिहीन.

संतराम कऱ्हाळे कधीचेच रिटायर झाले होते. औंढा तालुक्यात जवळा बाजारला राहतात, एवढा पत्ता लागला. कापूस वेचणीचे दिवस, एक दिवस गेला की एक रोज बुडतो. तरी भिकाबाई निघाली. फाट्यावर एसटी, हिंगोलीला दुसरी, औंढ्याला तिसरी. बाजाराचा दिवस होता. साहेब पिशवीत मेथी घेऊन घराकडं चालले होते. हिनं रस्त्यातच गाठलं.

साहेबांना काही आठवेना. नोकरीत शंभर तांडे झाले, दोनशे बैल, कुठला म्हणून लक्षात ठेवायचा? भिकाबाईनं आठवण करून दिली. तुम्ही बूट काढून बाभळीखाली ठेवले होते, डावा बूट कुत्र्यानं नेला, नाईकानं आणून दिला, तेव्हा तुम्ही म्हणालात की कुत्र्यालाही वसुलीचा राग दिसतो. साहेबांच्या चेहऱ्यावर एक क्षण हसू आलं, आणि लगेच गेलं. आठवत नाही बाई, म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागले. त्यांना आठवलंय हे भिकाबाईला कळलं, आणि ते हिला कळलंय हे त्यांनाही.

दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा गेली. साहेब घरात असून बाहेर आले नाहीत. त्यांच्या बायकोनं, सखुबाईनं, पाणी दिलं, चहा दिला. मग भिकाबाईनं साहेबांचं नावही काढलं नाही. ओसरीवर बसून सखुबाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बैल, बिल्ला, माती, यादी, तेलाचा डाग, आणि रजिस्टरातलं पहिलं नाव. सांगून झालं, कप विसळून ठेवला, आणि एसटी धरली. साहेबांशी भांडून जे झालं नसतं ते सखुबाईनं आठ दिवसांत केलं. तिनं नवऱ्याशी वेगळं काही केलं नाही, फक्त नीट बोलणं बंद ठेवलं.

मधे एक दिवस मात्र वाईट गेला. मार्गशीर्षात, कापसाच्या शेतातून भिकाबाईनं पाहिलं की शालूबाई आणि आणखी दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून फाट्यावर उभ्या आहेत, शालूबाईच्या काखेत रजिस्टर. एसटी आली, तिघी चढल्या. बँकेशिवाय रजिस्टर घेऊन कुठं जाणार? झालं, तिनं मनाशी म्हटलं, मारली काट. संध्याकाळी शालूबाई तिच्या दारावरून गेली तेव्हा भिकाबाईनं भाकरी थापताना मान वर केली नाही, आणि शालूबाईही थांबली नाही. भिकाबाई त्या दिवशी जेवली नाही. पण जवळा बाजारला जाणं काही तिनं सोडलं नाही. गट गेला तर गेला, भिंतीवरचं नाव तर तिथंच होतं ना.

तिसऱ्या खेपेला साहेब ओसरीवर वाटच पाहत बसले होते. त्यांनी मोकळेपणानं अडचण सांगितली. बैल पाहिला असं लिहून दिलं, तर बँक विचारणार की मग तेव्हाच कळवलं का नाही. कान मिळाला नाही म्हणून त्यांनी कागदच केला नव्हता. कोण खटाटोप करणार, असा कंटाळा केला होता. आता उतारवयात पेन्शनीला धक्का लागला तर काय करायचं? बोलताना त्यांची नजर खाली होती. भिकाबाईला त्यांची दया आली, पण तिनं ती बाजूला ठेवली.

‘तुमी काय केलं न्हाई ते नका लिवू, साहेब,’ ती म्हणाली. ‘काय पाह्यलं तेवढं लिवा.’

साहेब उठून आत गेले. परत आले तेव्हा हातात १९९४ ची दौऱ्याची डायरी होती. नोकरी सुटली तरी त्यांनी डायऱ्या टाकल्या नव्हत्या. पान काढून त्यांनी मोठ्यानं वाचलं: फुलसिंग तांडा, दे. न. आडे, बैल सर्पदंशाने मयत, समक्ष पाहिला, कान देण्यास नकार. शेवटचे शब्द वाचून ते थांबले. म्हणाले, हे ‘नकार’ तुमच्या नवऱ्याच्या अंगावर येईल. मी नुसतं ‘समक्ष पाहिला’ इथपर्यंत उतरवून देतो.

भिकाबाईनं विचार केला. मोह झाला, नाही असं नाही. मग तिनं सांगितलं की आहे तसं सगळं पान द्या. अर्धं लपवलं तर उरलेल्या अर्ध्यावर तरी कोण विश्वास ठेवणार? साहेबांनी पत्र लिहिलं, त्यात एक ओळ आपल्या मनानं घातली, की त्या वेळी क्लेम न करणं ही माझी कसूर होती. ती ओळ भिकाबाईनं मागितली नव्हती. सखुबाईनं निघताना तिच्या पिशवीत गूळ टाकला, आणि साहेब एसटी येईपर्यंत थांबले.

कागद वर गेले. मॅनेजरनं सोबत आपली चिठ्ठी जोडली. मग वाट पाहणं सुरू झालं, आणि वाट पाहणं हे काम भिकाबाईला अजिबात जमत नसे. एक दिवसाआड ती बँकेत डोकावायची. शिपाई तिला लांबून पाहूनच मान हलवायचा. आता ती बाकड्यावर बसायची, पण डोकं टेकायची नाही.

भोगीच्या तीन दिवस आधी उत्तर आलं. वरिष्ठांनी लिहिलं होतं की विमा चालू असताना आणि बँकेच्या माणसानं मयत जनावर पाहिलेलं असताना पुढची कारवाई बँकेनं करायला हवी होती. म्हणून बैल मेला त्या दिवसानंतरचं सगळं व्याज चुकीनं लावलेलं आहे, ते काढावं. तेव्हा शिल्लक असलेली मुद्दल एकतीसशे. ती भरली की खातं ‘पूर्ण फेड’ म्हणून बंद करावं. तडजोड हा शब्द कुठंही नव्हता. भिकाबाईनं मॅनेजरकडून तीनदा वाचून घेतलं, तीनदाही नव्हता.

तिनं दोन शेळ्या विकल्या, वेचणीचे पैसे घातले, एकतीसशे जमले. एकच पेच उरला. खातं देवलाचं. बंद करायला अंगठा त्याचा लागणार. तो खाटेवर बसून बैलाची वेसण वळत होता. तिनं सगळं सांगितलं. तो वळतच राहिला. मग म्हणाला, एकतीसशे काय न् एकतीस काय, दिले म्हणजे माती खोटी.

‘माती खरी हाय,’ भिकाबाई म्हणाली. ‘पण ती बैलावर पडली. कागदावर कुणी टाकलीच न्हाई. ती आता आपल्याला टाकायची हाय.’

देवलाची बोटं थांबली.  त्या वेळी आपलं म्हणणं त्याला पटलं की नाही हे भिकाबाईला कळलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलंही नाही. तिच्या आयुष्यात एखादी गोष्ट एकदाच बोलून सोडून दिल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

भोगीच्या सकाळी ती पैसे बांधून बाहेर आली, तर देवला पांढरा पटका बांधून अंगणात उभा होता. तिच्याकडं न बघता तो फाट्याकडं चालायला लागला. त्या दिवशी पहिल्यांदा भिकाबाईला कुणाच्या तरी मागं पळावं लागलं.

बँकेत पैसे भरले, देवलानं अंगठा उठवला, मॅनेजरनं शिक्क्याचा कागद दिला. भिकाबाई कागद घेऊन भिंतीजवळ गेली आणि बोट दाखवलं. नवी यादी एप्रिलमध्ये येते, मॅनेजर म्हणाला, तीत हे नाव नसेल. एप्रिल लांब आहे, ती म्हणाली. त्यानं लाल पेन आणलं आणि तेविसाव्या नावावर रेघ मारून सही केली. तेवढ्यावर ती सुटली नाही. अशा आणखी किती याद्या आहेत? एक सेनगावला, एक हिंगोलीला. मॅनेजर म्हणाला, टपालानं कळवतो. टपाल वाटेत थांबत असेल, मी थांबत नाही, असं म्हणून तिनं दोन्हीकडची पत्रं तिथंच लिहून घेतली. स्वतःच्या हातानं नेऊन देणार होती.

पत्रं लिहिता लिहिता मॅनेजर सहज बोलून गेला. तुमच्या गटातल्या बायकाही तुमच्यासारख्याच हट्टी. मागच्या महिन्यात तिघी आल्या होत्या, नऊ जणींचं कर्ज मंजूर करून ठेवलं होतं, फक्त पहिलं नाव खोडून आणायचं होतं. ती रजिस्टरवाली म्हणाली, साहेब, काट मारायला पेन नाही आणलं. मी माझं पेन पुढं केलं, तर म्हणाली, तुमचं पेन आमच्या रजिस्टरला चालत नाही. संक्रांतीनंतर दहा जणी येऊ, नाही तर येणारच नाही. आणि उठून गेल्या. तुम्हाला यातलं सांगू नका, असंही बजावून गेल्या. बाईच्या जिवाला घोर लागेल म्हणाल्या.

भिकाबाई ऐकत उभी होती. भाकरी थापताना न उचललेली मान तिला आठवली. दोन महिन्यांत जवळा बाजारच्या रस्त्यावर, बँकेच्या दारात, रिकाम्या पोटी, कुठंही न रडलेली ती बाई बाकड्यावर बसली आणि भर दुपारी, भरल्या बँकेत, मोठ्यानं रडायला लागली. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. शिपायानं पाण्याचा ग्लास आणला. देवला गोंधळून तिच्याजवळ गेला, पटक्याचं टोक तिच्यापुढं धरलं, आणि हळू आवाजात म्हणाला, ‘रडून नको राहू. लोक बघून राहिले.’

‘बघू द्या,’ भिकाबाई म्हणाली. ‘एवढी वर्सं भिंतीवर बघत व्हते, तवा कुणी न्हाई म्हनलं, की नका बघू.’

आणि तिनं पोटभर रडून घेतलं.